ज्वालामुखीसाठी उजवा पाय

मंडळी, रजेचं खोटं कारण मी अर्ज उघडण्याआधी ओळखतो! फुशारकी नाही, अनुभव आहे. पंपांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं रजा विभाग माझ्याकडे आहे. अर्ज देताना माणूस टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायला लागला की समजावं, आज कुणाची तरी आजी जाणार. माझ्या खणात एक निळी वही आहे. आजवर पकडलेली खोटी कारणं तिच्यात तारखेनिशी नोंदली आहेत. तीनशे अकरा! लेथवरच्या एकट्या टर्नरच्या चार आज्या वारल्या. पाचवीच्या वेळी मी शांतपणे विचारलं, "तुझ्या आजोबांनी लग्नं तरी किती केली?" तेव्हापासून तो मामांवर घसरला.

आता अशा माणसाला स्वतःसाठी एक खोटं कारण बनवायचं म्हणजे डाव्या हाताचा मळ! पण मी घाई केली नाही. तीन आठवडे घेतले आणि असं कारण बनवलं, की त्यात टाचणी शिरायला जागा नव्हती.

कशासाठी? तर मला ज्वालामुखी बघायचा होता. लांबून दुर्बिणीतून नव्हे, काठावर उभं राहून, खाली धगधगणारं पोट बघत! लोक जेवणानंतर बातम्या बघतात, मी आणि बायको सहलींची माहितीपत्रकं बघतो. वीस वर्षं. बर्फाच्या गुहा, वाळवंटातले तंबू, कड्यावरचे दोरीचे पूल, सगळीकडे आम्ही सोफ्यावरून जाऊन आलोय. पण प्रत्येक वेळी पानं उलटत शेवटी ज्वालामुखीपाशीच थांबायचो. यंदा त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ सापडली. बारीक अक्षरं मीच वाचणार! वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्यांना काठावर नेलं जाणार नाही.

मला पंचावन्न पूर्ण होणार होती तेवीस तारखेला. हंगामातली शेवटची सहल निघणार होती नऊ तारखेला. म्हणजे आत्ता, नाहीतर पुढच्या जन्मी.

रजा? माझ्या खात्यावर एकशे बेचाळीस दिवस पडून होते! पण हा महिना मालमोजणीचा, आणि मालमोजणीच्या महिन्यात कुणालाही हक्काची रजा नाही. नियम नऊ. हा नियम कुणी केला? मीच. साहेबांची सही घेतली, काच लावून भिंतीवर टांगला, आणि सहा वर्षं त्याच्याखाली बसून लोकांना बोटाने दाखवला.

गेल्याच वर्षी आमच्या गोदामवाल्यांनी याच महिन्यात आठ दिवस मागितले होते. गोदामवाले म्हणजे उंच, वाकलेले, बोलताना स्वतःच्याच चपलांकडे बघणारे गृहस्थ. कारण लिहिलं होतं, "घरगुती काम". मी शेरा मारला, "कारण मोघम", आणि वर उपदेशही केला. "अहो, माणसानं खरं कारण लिहावं. तुम्ही खरं लिहा, मग मी तरी विचार करीन!"

ते "बरं" म्हणाले. अर्जाची चौघडी करून खिशात घातली.

बायको म्हणाली, "अहो, साहेबांना सरळ विचारा ना, ज्वालामुखी बघायचाय म्हणून."

"म्हणजे उद्या सगळा कारखाना विचारायला येईल!"

"येऊ दे. बघू दे त्यांनाही."

"तुला प्रशासन कळत नाही."

"आणि तुम्हाला दुसरं काही कळत नाही," ती म्हणाली आणि मोजे मोजायला निघून गेली.

नियम नऊ आजारपणाला लागू नव्हता. मग मी निळी वही काढली. पोटदुखी, चौऱ्याण्णव वेळा. ताप, एकाहत्तर. पाठ, अडतीस. मोडलेला पाय? एकदाही नाही! कारण प्लास्टर आणायचं कुठून? पण माझ्या बायकोची थोरली बहीण तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स होती. ताईंनी कुठून तरी दाखलाही मिळवून दिला. उजवा पाय, घोट्याच्या वर, तीन आठवडे सक्त विश्रांती.

सहा तारखेला मी टेबल आवरलं. उजवीकडचा ट्रे तेवढा तसाच ठेवला. त्यात सवलतीचे कागद येतात. सवलतीचा कागद मी कधी लगेच उघडत नाही, पंधरा दिवस मुरू देतो. निम्म्या सवलती तेवढ्यात आपोआप मरतात. मग घरी गेलो आणि जिन्यावरून "पडलो". सात तारखेला बायको अर्ज देऊन आली.

आठ तारखेला दुपारी दोन वाजता मी नवे जाड तळव्यांचे बूट घालून घरात फेऱ्या मारत होतो. चार महिने रोज जिना चढून-उतरून मी ते पायात मुरवले होते. इतक्यात फोन वाजला. आमच्या टायपिस्ट बाई!

"सर, नियम बारा!"

नियम बारा: सात दिवसांहून जास्त आजारपण असेल तर तिघांच्या पथकाने घरी जाऊन रुग्ण प्रत्यक्ष पाहावा. हाही माझाच. पण पथक निघतं माझ्या हुकमाने, आणि मी तर रजेवर! मग हुकूम कुणी काढला?

"मीच काढला, सर," बाई अभिमानाने म्हणाल्या. "जुन्या हुकमाची प्रत होती माझ्याकडे. तुम्ही नाही म्हणून विभागाचं काम अडायला नको ना! चार वाजता येतोय."

मीच तयार केलेली बाई! कधी कधी वाटतं, माणसाने हाताखालच्यांना इतकं चांगलं शिकवू नये.

ताईंना फोन केला. त्या पिशवीभर पट्ट्या घेऊन साडेतीनला आल्या. "पाय पुढे करा, भाऊजी." मी केला. घाईत जो हाताशी होता तो! ओल्या पट्ट्या सपासप गुंडाळल्या गेल्या आणि चारच्या ठोक्याला माझा पाय पलंगावर खांबासारखा पसरला होता.

पथक आत आलं. टायपिस्ट बाई वही घेऊन, गोदामवाले सफरचंदं घेऊन, आणि तिसरे आमचे तपासनीस. त्यांना सगळे भिंग म्हणतात, कारण सुट्या नटाचेही आटे ते खिशातल्या भिंगातून मोजून घेतात. भिंगांनी दाखला वाचला. मग पाय वाचला. मग पुन्हा दाखला.

"सर, दाखल्यात उजवा आहे."

"हो."

"प्लास्टर डाव्याला आहे."

मंडळी, एकोणीस वर्षं अशा क्षणी मी समोरच्याच्या कपाळावर जो घाम बघत आलो, तो घाम आता माझ्या नाकावरून ओघळत होता. पण ताई हलल्या नाहीत.

"डाव्याला तडा आहे, तो आधी बांधला," त्या म्हणाल्या. "उजवा मोडलाय. त्याची सूज उतरायची वाट बघत होते. उतरली. द्या भाऊजी, उजवा!"

आणि पथकाच्या डोळ्यांदेखत, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, माझा दुसरा धडधाकट पायही चुन्यात गेला. मी कळवळलो. प्लास्टर गरम होतं म्हणून नव्हे, सकाळी सातची गाडी होती म्हणून!

"किती दुखतंय बघा," गोदामवाले हळूच म्हणाले. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. तेवढ्यात भिंगांना कोपऱ्यात दोन भरलेल्या सॅक दिसल्या. आणि शेजारी माझे बूट.

"प्रवास कुणाचा?"

"माझा," बायको म्हणाली. "ज्वालामुखी बघायला जातेय, अकरा दिवस. पैसे परत मिळत नाहीत हो!"

"आणि दुसरी सॅक?"

"ताईची," बायको म्हणाली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"बूट मात्र पुरुषी दिसतात," भिंग वाकले.

"माझेच आहेत," असं म्हणून ताईंनी ते पायात सरकवले. मी मनात म्हटलं, आता पडणार उघडं! पण मंडळी, माझे ते बूट, चार महिने माझ्या टाचा सोलून मऊ झालेले, ताईंच्या पायात असे बसले की जणू माप त्यांचंच घेतलं होतं. त्यांनी खोलीत चार पावलं टाकली. "छान मुरलेत," म्हणाल्या.

"म्हणजे अकरा दिवस सर घरी एकटे? दोन्ही पाय प्लास्टरमध्ये?" टायपिस्ट बाई दचकल्या. वही उघडून त्यांनी तिथल्या तिथे पाळ्या लावायला घेतल्या.

"पाळ्या कशाला?" गोदामवाले म्हणाले. "माझं घर दोन गल्ल्या सोडून. मीच येत जाईन सकाळ-संध्याकाळ. तसा या दिवसांत माझा दुसरा बेत होता, पण तो... असो."

मी काही विचारलं नाही. लोकांचे बेत विचारायची सवय मला नाही.

पथक जिना उतरलं तसा मी ओरडलो, "कापा! कापा हे आधी!"

"आणि उद्या सकाळी गोदामवाले आले म्हणजे?" बायकोने विचारलं. "रिकामा पलंग बघतील. तुमचा नियम काय म्हणतो, खोट्या आजारपणाला?"

नियम तेरा. बडतर्फी. तोही मीच केलेला.

तिने सहलीच्या कंपनीला फोन लावला. एका फोनवर माझं नाव जाऊन ताईंचं आलं! आमच्याकडे एवढ्या बदलाला मी तीन प्रती मागितल्या असत्या. दारातून निघताना तिचे डोळे जरासे ओले होते, नाही असं नाही. "फोटो पाठवते हं," म्हणाली.

गोदामवाले सकाळी सातला यायचे, संध्याकाळी सहाला यायचे. मला काखेत धरून न्हाणीघरापर्यंत न्यायचे, तोंड भिंतीकडे करून उभे राहायचे, परत आणून उशी थोपटायचे. चहा माझ्याहून चांगला करायचे. एकदा त्यांच्या माघारी मी पाव कापायच्या सुरीने प्लास्टर कापायचा प्रयत्न केला. सुरी वाकली. प्लास्टरच्या आत खाज सुटली की मी कचेरीची फूटपट्टी आत घालायचो आणि माहितीपत्रकातला ज्वालामुखी बघत खाजवायचो. पाचव्या दिवशी फोटो आला. काठावर ताई, हात पसरून, माझ्या बुटांत!

गोदामवाले फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी उशाशी पडलेली पत्रकं चाळली आणि एका पानावर थांबले. पांढऱ्या फेसाची नदी, त्यात रबरी होडी.

"ही नदी बघितलीय का सर तुम्ही?"

"नाही. का?"

टेबलाच्या कडेवरून त्यांचं बोट फिरायला लागलं. मला ती खूण पाठ! म्हटलं, हा आता काहीतरी मागणार. मी डोळे मिटून घोरायला लागलो. जरा वेळाने दार लागल्याचा आवाज आला.

बायको परतली ती काळवंडून, दहा वर्षांनी लहान होऊन. "तुम्ही असतात तर बरं झालं असतं," म्हणाली. मी सुखावलो. "पण काठावर जायला दोरी ओलांडावी लागते. तुम्ही आधी पाटी वाचत बसला असतात!" दाखल्यातले तीन आठवडे भरल्यावर ताईंनी प्लास्टर कापलं. आतून दोन पांढऱ्या काड्या निघाल्या. मी खरोखरच लंगडत होतो. तोवर मला पंचावन्न पूर्ण होऊन चार दिवस झाले होते.

कचेरीत टाळ्या वाजल्या! भिंगांनी माझी चाल निरखून शेरा दिला, "आजार खरा." मी खुर्चीत बसलो आणि मुरलेला ट्रे पुढे ओढला.

तळाशी, सगळ्यात जुनं, साहेबांचं परिपत्रक. तारीख चार. मालमोजणी यंत्रावर होणार असल्याने नियम नऊ रद्द, हक्काची रजा सर्वांना खुली, रजा विभागाने आजच कळवावे. चार तारीख! सहा तारखेपर्यंत मी याच खुर्चीत बसलो होतो. नुसता हात लांब केला असता तर धडधाकट पायांवर, माझ्याच बुटांत, त्या काठावर मी उभा असतो.

त्याच्या वर एक अर्ज. गोदामवाल्यांचं अक्षर, तारीख पाच. "आठ दिवस रजा हवी. कारण: धाकटा भाऊ महिनाअखेरीस कायमचा परदेशी जात आहे. नदीत रबरी होडीने जायचं आम्ही दोघांनी लहानपणी ठरवलं होतं. जाण्याआधी एकदा जायचं आहे. खरं कारण लिहिलं आहे."

मी गोदामात गेलो, लंगडत. ते पेट्या मोजत होते.

"भाऊ?" मी विचारलं.

"परवा गेला."

"तुम्हाला रद्द झालेलं माहीत होतं?"

"साहेबांच्या खोलीत ऐकलं होतं. पण तुमची सही पाहिजे ना, सर."

"मग अकरा दिवस माझ्या उशाशी बसलात, बोलायचं की हो एकदा!"

"रोज वाटायचं, आज तुम्हीच विषय काढाल," ते चपलांकडे बघत म्हणाले. "वाचून नाहीच म्हणालात असं समजलो. आणि आजारी माणसाला काय छळायचं? पाय कसा आहे? उजवा, का डावा हो?"

त्यांनी मान वर केली नाही. त्यांना सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे मला, खोटं वासावरून ओळखणाऱ्याला, आजतागायत ओळखता आलेलं नाही.

टेबलापाशी येऊन मी निळी वही उघडली. खोटी कारणं तीनशे बारा झाली, एवढं प्रामाणिकपणे लिहिलं. खऱ्या कारणासाठी मात्र वहीत रकानाच नव्हता. कधी लागलाच नव्हता! फूटपट्टी घेऊन नवा आखला, त्यात एकच नोंद केली. मग अर्ज समोर ओढला. मागितलेल्या तारखा उलटून गेल्या होत्या. अशा अर्जांसाठी आमच्याकडे एक शिक्का आहे, "मुदतबाह्य".

मी तो मारला, मंडळी. नियम आहे तसा. चौदावा.