एका कान्याचं दान

‘वाचनदान’ या शब्दातला पहिला काना त्या फॉर्मवर साडेतीन मिलिमीटर उंच होता आणि जाडीला अर्धा मिलिमीटरही नव्हता. शाई फिकट निळी, कागद पिवळसर, आणि काना नेमका कागदाच्या घडीवर आलेला. ही तिन्ही कारणं एकत्र आली तरी धड डोळ्यांना तो दिसला असता. देवळीच्या बसस्टँडजवळ कापडाचं दुकान चालवणाऱ्या भैय्याजींना तो दिसला नाही. त्यांनी वाचलं, ‘वचनदान’.

फॉर्म वर्ध्याच्या ‘सोबती दिव्यांग मंडळा’चा होता. मंडळाच्या कार्यकर्त्या दीपमालाताई तो घेऊन दुकानोदुकानी फिरत होत्या. अंध आणि अपंगांसाठी काय काय देता येतं याची त्यात यादी होती. अन्नदान, वस्त्रदान, पांढऱ्या काठ्या, ब्रेलचा कागद, परीक्षेला लेखनिक, असं बरंच काही. ज्याला जे जमेल त्यावर त्यानं खूण करायची. शेजारचे हार्डवेअरवाले सदाशिवराव चहा पीत गादीवर बसले होते. त्यांनी दोनच मिनिटांपूर्वी अन्नदानावर खूण केली होती आणि तेव्हापासून ते जरा ताठ बसले होते.

भैय्याजींना बारीक अक्षरं वर्षाहून अधिक काळ दिसत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हे त्यांना, त्यांच्या बायकोला आणि सावंगीच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीला, आचलला, माहीत होतं. चौथ्या माणसाला कळू द्यायचं नव्हतं. कापडवाल्याला रंग दिसत नाही असं एकदा गावात पसरलं, की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाणार हे नक्की. त्यामुळे ‘ताई, जरा वाचून दाखवा’ असं म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि ते ‘वचनदाना’वर थांबलं. हा प्रकार त्यांना फार पटला. द्यायचं हे नक्की, कधी द्यायचं ते सवडीनं पाहू. चाळीस वर्षं व्यापार केलेल्या माणसाला यापेक्षा सोयीचं दान कोणतं?

“हे घ्या,” खूण करून ते म्हणाले.

दीपमालाताईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “काका, खरंच? हे तं कोणीच घेत नाई! किती लिहू?”

“लिहा ना दोन.”

“दर आठवड्याले?”

भैय्याजींना प्रश्न जरा विचित्र वाटला. पण सदाशिवराव ऐकत होते. “आठवड्याचं काय घेऊन बसल्या, ताई? हे जन्मभराचं असते.”

दीपमालाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भैय्याजींचा फोटो काढला. सदाशिवरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

संध्याकाळी भैय्याजी जेवायला बसले, तेव्हा त्यांचा फोन सारखा वाजत होता. सुलोचनाबाईंनी तो उचलून पाहिला आणि मोठ्यानं वाचला. भैय्याजींचा फोन हल्ली त्याच वाचत.

“‘देवळीचे वस्त्रव्यापारी माननीय भैय्याजी हे आपल्या मंडळाचे पहिले आजीवन वाचनदाते. दर गुरुवारी दोन तास ते अंध बांधवांना पुस्तक वाचून दाखवतील.’ व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एकोणचाळीस जणांनी हात जोडले.” त्यांनी फोन खाली ठेवला. “तुम्ही? वाचून दाखवणार?”

“वाचन नाई व, वचन! वचनदान होतं थे.”

“वचनदान असं काही असते का?”

“कन्यादान असते, तं वचनदान काऊन नाई?”

सुलोचनाबाईंनी पोळी वाढली. “दुकानात मोतिया, डोळ्यात मोतिया,” त्या म्हणाल्या. मागच्या महिन्यात भैय्याजींनी पांढरं म्हणून मोतिया रंगाचं कापड फाडून दिलं होतं आणि शाळेच्या बँडमधली सहा पोरं वेगळ्याच सदऱ्यात उभी राहिली होती, तेव्हापासून हे वाक्य घरात अधूनमधून येई. “आपरेशनची तीनदा तारीख घेतली पोरीनं. एकदा म्हणे सोयाबीन निघून राह्यलं, गिऱ्हाईक येते. एकदा लग्नसराई. तिसऱ्यांदा म्हणे...”

“पिकला नाई अजून. पिकल्याशिवाय काढत नसते.”

“आंबा हाये का थो? आचल कवाची सांगून राह्यली, आता पिकू देत नाई म्हणून.”

“तिले काय समजते?”

“तिले नाई समजत. थे तिथंच नोकरी करते ना, म्हणून नाई समजत.”

भैय्याजींनी ताटावरून उठून दीपमालाताईंना फोन लावला. त्यांचा बेत साधा होता. एका दानाच्या बदल्यात दुसरं दान द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

“ताई, मी काय म्हणतो, वाचनापेक्षा मी चादरीच देतो ना. तीस चादरी. नव्या.”

“अरे वा, काका! चादरींची भल्ली गरज होती. गुरुवारी येतानाच घेऊन या.”

“येताना म्हणजे, तसं नाई...”

“आणि पुस्तक मी उद्याच पाठवते. आमचे लोक वाट पाहून राह्यले.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. दुकान सोडून येणं जमत नाही, त्यापेक्षा दर महिन्याला एक जेवण देतो, असं सुचवलं. दीपमालाताईंनी तेही आनंदानं लिहून घेतलं. तिसऱ्या फोनमध्ये पांढऱ्या काठ्या गेल्या. चौथा फोन सुलोचनाबाईंनी लावू दिला नाही. “आता बंद करा. फॉर्मवरचं सगळंच घेता का अंगावर? वाचन तं सुटूनच नाई राह्यलं.”

पुस्तक आलं. कोणा दर्यावर्दी माणसानं लिहिलेलं समुद्रप्रवासाचं वर्णन होतं, आणि अक्षर बारीक होतं. आता एकच मार्ग उरला. गावातल्या चारशे घरांची मापं भैय्याजींच्या डोक्यात होती. कोणाच्या सदऱ्याला किती कापड लागतं हे ते वही न उघडता सांगत. तेव्हा पहिलं प्रकरण पाठ करायचं ठरलं. सुलोचनाबाई वाचत आणि भैय्याजी आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत.

“उघडून ऐका की. तेवढंच दिसते ना तसंही?”

“पुढचं वाच.”

बुधवारपर्यंत अकरा पानं तोंडपाठ झाली. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, पान कुठे उलटायचं, सगळं ठरलं. भैय्याजी आता जरा खुशीतच होते. गुरुवारी सकाळी दोघं चादरींचे गठ्ठे घेऊन वर्ध्याला पोचले.

मंडळाच्या हॉलमध्ये दहाबारा जण खुर्च्यांवर बसले होते. समोर एक टेबल, टेबलावर पुस्तक. दीपमालाताईंनी भैय्याजींची, त्यांच्या दुकानाची आणि दवाखान्यातल्या मुलीचीही ओळख करून दिली. पहिल्या रांगेत अश्वजित होता, तिशीतला, बँकेत नोकरीला. आज त्यानं खास सुटी घेतली होती. त्याच्या शेजारी नत्थूभाऊ, खुर्च्यांना वेत विणणारे. आणि कडेला जिजाबाई, सत्तरीच्या, पदर नीट आवरून बसलेल्या. सुलोचनाबाई मागे दाराशी बसून चादरींच्या घड्या सारख्या करू लागल्या.

भैय्याजींनी पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली. “‘प्रकरण पहिलं. बंदर सोडताना आकाश निरभ्र होतं...’”

“काका,” दीपमालाताई म्हणाल्या, “पहिलं नका वाचू. थे त्यांनी परवाच फोनवर ऐकलं. कोणीतरी मुंबईहून रेकॉर्ड करून पाठवलं होतं. तुम्ही दुसऱ्यापासून घ्या.”

भैय्याजींनी पान उलटलं. पानावर राखाडी रंगाच्या ओळी होत्या, एकसारख्या, सुती पट्ट्यांच्या कापडासारख्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. सुलोचनाबाईंचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, पण तो कसा झाला असेल याचा अंदाज होता.

“‘प्रकरण दुसरं,’” ते म्हणाले. “‘जहाज निघालं.’”

एवढं तर कोणत्याही पुस्तकात असणार.

“‘समुद्र मोठा होता. आपलं बोर धरण आहे, तेवढा. नाही, दोन बोर धरणांएवढा. सगळीकडे पाणीच पाणी.’”

समुद्र भैय्याजींनी कधी पाहिला नव्हता. त्यामुळे त्यांनी जहाज शक्य तितक्या लवकर किनाऱ्याला लावलं. बंदरात बाजार होता. बाजारात कापडाची दुकानं होती. इथून पुढे त्यांना अडचण आली नाही. कप्तान एका दुकानात शिरला. त्यानं शिडासाठी कापड मागितलं. दुकानदारानं थान काढलं. कप्तानानं ते चिमटीत धरलं, उजेडाकडे केलं, एक धागा ओढला, जाळून वास घेतला.

“‘कप्तान म्हणाला, हे शंभर टक्के सुती नाई. दुकानदार म्हणाला, काऊन नाई जी? कप्तान म्हणाला, मले शिकवतं का बे? राखेचा गोळा झाला, पाह्य. सुती असतं तं भुकटी झाली असती.’”

पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. भैय्याजींना हुरूप आला. भाव पाडण्यात कप्तानानं भरपूर वेळ घेतला. दोनदा तो दुकानाच्या पायऱ्या उतरून गेला आणि दोनदा दुकानदारानं त्याला परत बोलावलं. जिजाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. दाराजवळच्या घड्या केव्हाच थांबल्या होत्या.

“एक विचारू का जी?” नत्थूभाऊ म्हणाले. “या कप्तानाचं दुकान देवळीले तं नाई?”

हॉल हसला. भैय्याजीही हसले, पण थोडं कमी.

“काका,” अश्वजित म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. “गोष्ट मस्त हाये. पण वीस मिनिटं झाली, अन् पान एकदाच उलटलं.”

भैय्याजींनी घाईघाईनं पान उलटलं.

“आता उलटून काय फायदा?” अश्वजित म्हणाला. “पुस्तकातला माणूस पहिल्या प्रकरणात पुणेरी बोलत होता. थो दुसऱ्या प्रकरणात एकदम आपल्याकडचा झाला. दिसत नाई ना तुम्हाले?”

“दिसते ना! फक्त जरा धुकं येते मधात.”

“किती दिवसांपासून?”

उत्तर दारातून आलं. “चौदा महिने,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “पिकाची वाट पाहून राह्यले.”

यावर कोणीच हसलं नाही. जिजाबाईंनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली.

“माहंबी असंच होतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “समदे म्हणे पिकू द्या, पिकू द्या. दोन वर्षं पिकू देलं. मंग एक दिवशी डोळा लाल झाला, डोकं असं ठणकलं का काई सांगू नका. डॉक्टर म्हणे, लय उशीर केला आजी, आतमधी दाब वाढला, नस गेली. दुसऱ्या डोळ्याचीबी तीच गत झाली. मले कोणी सांगणारं नव्हतं. तुमची तं पोरगी दवाखान्यात हाये म्हणते ताई.”

भैय्याजींनी पुस्तक मिटलं. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. चौदा महिन्यांत त्यांनी सोयाबीन, लग्नसराई आणि पिकणं अशी तीन कारणं दिली होती. चौथं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. इथे सांगायला हरकत नसावी असं त्यांना वाटलं. इथे समोर बसलेलं कोणी त्यांचा चेहरा पाहत नव्हतं.

“भेव वाटते,” ते म्हणाले.

“कायचं?”

“उघड्या डोळ्यात हत्यार घालते म्हणे. अन् तेवढ्यात हाललो तं?”

अश्वजित हसला. “काका, वीस मिनिटं जागचं न हालता तुम्ही खोटं वाचलं. तिथं तं पंधरा मिनिटाचंच काम असते.”

आता सगळेच हसले. दीपमालाताई हसत नव्हत्या. त्या फॉर्म काढून काळजीनं पाहत होत्या. “पण काका, मग वाचनावर खूण काऊन केली तुम्ही?”

“ताई, थे नका विचारू.”

“मी खोडून टाकू का? चादरी दिल्या, जेवण दिलं, काठ्या दिल्या. पुष्कळ झालं.”

“खोडू नका, ताई!” नत्थूभाऊ म्हणाले. “पुस्तक दुसरं कोणी वाचीन. आमाले कप्तान पाह्यजे. कापड घेतलं का नाई त्यानं शेवटी?”

“हो ना,” जिजाबाई म्हणाल्या. “तिसऱ्यांदा पायऱ्या उतरून गेला होता.”

“दोनदाच,” अश्वजित म्हणाला.

दीपमालाताईंनी फॉर्मची घडी केली. “मग पुढच्या गुरुवारी अकरा वाजता लिहू, काका?”

“पुढच्या गुरुवारी मी येत नाई.”

“काऊन जी?” नत्थूभाऊंनी विचारलं. “कप्तान काय तसाच उभा राहीन का बजारात?”

भैय्याजींनी दाराकडे तोंड केलं. तिथे एक फिकट, कडा नसलेली आकृती मांडीवर चादर घेऊन बसली होती आणि अजिबात हलत नव्हती.

“राहू द्या त्याले उभा, महिनाभर,” ते म्हणाले. “सुलोचना, आचलले फोन लाव. सांग का मी आपरेशन करून घेतो.”