सदतीस नंबरचा खिळा

वर्गातला पंक्चर म्हणाला, "हिंमत असेल तर बिल्ला घेऊन बाहेर जाऊन दाखव. बापाच्या नाकासमोरून."

शहाण्या मुलाने इथे नको म्हटलं असतं. पण शहाणा मुलगा आठवीत दोनदा बसत नाही. मी म्हणालो, "बास, एवढंच?"

(हे "बास, एवढंच?" माझ्या तोंडातून आपोआप पडतं. आतापर्यंत त्यात माझा एक दात गेलाय, आणि काकूची माया गेलीय ती वेगळीच.)

आता बिल्ला म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पत्र्यावरून काय कांगावा. आमचे बाबा सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहेत. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणतात. तलावाच्या दारात नियमांचा बोर्ड आहे. पळू नये, ढकलू नये, उथळ पाण्यात सूर मारू नये, असे अकरा नियम. पहिले दहा मी चौथीच्या आतच मोडून ठेवले होते. अकरावा तेवढा राहिला होता: "बिल्ला खिळ्याला परत अडकवल्याशिवाय तलाव सोडू नये."

हा अकरावा नियम बाबांचा. त्यांनी एका फळीवर साठ खिळे ठोकले, साठ पत्र्याचे बिल्ले कापले आणि आईच्या नेलपॉलिशने त्यांवर आकडे घातले. (आई अजून ती बाटली मागते.) पाण्यात जाताना बिल्ला काढून मनगटाला बांधायचा, निघताना परत अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस पाण्यात. साधा हिशोब, मलासुद्धा कळेल असा.

फळी का केली, तर बाबा नोकरीला नवीन होते तेव्हा एक पोरगा तळाशी राहून गेला. सगळे कपडे घालून घरी गेले, तलावाला कुलूप लागलं, आणि तो सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच्याबद्दल बाबा घरी एक अक्षर बोलत नाहीत. फक्त आम्ही जेवायला बसलो की ताटं मोजतात. आम्ही तिघंच आहोत, तरी मोजतात.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, बास, एवढंच?

चारच्या बॅचला गेलो. खिडकीवरची मावशी प्रत्येकाचं नाव वहीत लिहिते, नावापुढे नंबर. मला म्हणाली, "तुझं काय लिहायचं, घरचाच तू." आणि सदतीस नंबरसमोरची ओळ कोरी सोडली. मी कपडे बदलले, सदतीसचा बिल्ला मनगटाला बांधला, दोन डुबक्या मारल्या. फिल्टर बिघडल्यापासून पाणी हिरवं झालं होतं, कमरेच्या खाली आपलेच पाय दिसत नव्हते. बाबांनी मॅनेजरला तीनदा सांगितलं होतं की तळ दिसत नाही, तलाव बंद ठेवू. मॅनेजर म्हणाला, बघू.

कपडे बदलायच्या खोल्यांमागे तारेच्या कुंपणाला एक भोक आहे. ओला होतो, साबणासारखा सटकलो. मागच्या गल्लीत पंक्चर उभा होताच. मी मनगट वर केलं. तो म्हणाला, "मानलं तुला."

मग म्हणाला, "कपडे कुठायत तुझे?"

कपडे आतच होते. खुंटीवर शर्ट, पँट, आणि खाली चपला.

एवढा मोठा प्लॅन, आणि मी चड्डीवर गल्लीत. घरी जावं तर आई विचारणार, आत जावं तर बाबा विचारणार. म्हणलं बॅच सुटली, गर्दी झाली की गुपचूप शिरू. तेवढ्यात शिट्टी झाली. लांब एक, आखूड दोन. म्हणजे सगळे बाहेर.

मी तारेला डोळा लावला. बाबा फळीसमोर उभे होते. एकेका बिल्ल्याला बोट लावत शेवटपर्यंत गेले, आणि परत पहिल्यापासून.

"सदतीस कोणाकडंय?" त्यांनी विचारलं. कोणी हललं नाही. "कोणी मनगटाला तसाच ठेवलाय का, बघा बरं."

सगळ्यांनी मनगटं वर केली. सगळी रिकामी.

"वहीत कोण आहे?"

मावशी वही छातीशी धरून उभी राहिली. "लिहायचं राहिलं," ती म्हणाली. कोण ते सांगेना. नाव न लिहिता आत सोडणं हा तिचाही गुन्हा होता ना.

बाबा कपड्यांच्या खोलीत गेले. मी वाट बघत राहिलो. पंक्चर माझ्या शेजारी होता, मग नव्हता. मी वळून बघितलं तर गल्लीच्या टोकाला त्याची पाठ दिसली. (हवा जाते त्याची, म्हणून तर पंक्चर.)

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात माझी एक चप्पल होती. तिचा अंगठा तुटला होता आणि त्यांनीच सकाळी तो तारेने बांधून दिला होता. त्यांनी ती तार अंगठ्याने चाचपली. मावशी रडायला लागली. "तुमचाच होता हो," म्हणाली. "घरचाच म्हणून नाही लिहिला."

बाबांनी चप्पल काठावर नीट ठेवली आणि पाण्यात गेले.

मी बाबांना शंभर वेळा सूर मारताना बघितलंय. हा सूर नव्हता. माणूस पायरी चुकल्यावर पडतो ना, तसे ते गेले.

मी भोकात डोकं घातलं. जाताना ओला होतो, आता वाळलो होतो, आणि तारेची टोकं चहूकडे वळलेली. डोकं, एक हात आणि छाती आत आली. पुढं गाडी जाईना. मागं सरकलो तर तारा पोटात शिरल्या.

"बाबा," मी ओरडलो, "मी इकडंय."

ते वर आले, श्वास घेतला, माझं "बा" झालं, ते खाली गेले. परत वर आले, परत "बा", परत खाली. सगळ्यांचे डोळे पाण्यावर, कोणाचे कान माझ्याकडे नाहीत. किती वेळा झालं असं, मोजलं नाही. मोजणारे पाण्यात होते. दर वेळी ते जास्त उशिरा वर येत होते, आणि ओठ निळे पडत चालले होते. मला वाटलं, आता एकदा येणारच नाहीत. मग मी ओरडायचंही विसरलो आणि नुसता भोकाड पसरून रडायला लागलो. चौदा वर्षांचा घोडा.

कोणीतरी बोलावलेले अग्निशमनवाले लांब काठीचा आकडा घेऊन आले, त्यातल्या एकाने ते ऐकलं. "अरे, हे कोण अडकलंय इथं?"

बाबांना दोघांनी ओढून काढलं. ते माझ्यापर्यंत चालत आले. गुडघ्यावर बसले. माझ्या डोक्यावरून, तोंडावरून, मानेवरून हात फिरवला, आहे ना सगळं जागच्या जागी ते तपासत. हात बर्फासारखे होते. मारतील म्हणून मी डोळे मिटले होते, मारलं नाही. ते फार वाईट वाटलं.

मॅनेजर मागून आला. "म्हणजे कोणी बुडालंच नव्हतं. शिट्टीसाहेब, तुमची मोजणी चुकली. लोक किती घाबरले बघा. ही फळी आजच काढून टाका, आणि उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

बाबा धापा टाकत म्हणाले, "असेल. चुकली असेल माझीच."

माझ्याकडे तीन थापा तयार होत्या. बिल्ला रस्त्यात सापडला. पंक्चरने जबरदस्तीने बांधला. मला पोटात दुखत होतं. तिन्ही चांगल्या होत्या, शाळेत चाललेल्या होत्या. पण बाबा फळीकडे बघत होते, सदतीस नंबरच्या रिकाम्या खिळ्याकडे. त्यांची मोजणी आयुष्यात कधी चुकली नव्हती, आणि आता त्यांना तिच्यावर भरवसा राहिला नसता. मग जेवताना ताटं कितीदा मोजली असती कोण जाणे.

मी आत आलेला एकुलता एक हात पुढे केला. मनगटाला बिल्ला होता.

"मोजणी बरोबर होती," मी म्हणालो. "सदतीस मी नेला. पैज लागली होती. मीच लावून घेतली. फळी काढू नका."

मॅनेजर म्हणाला, बघू. अग्निशमनवाल्याने वही काढली आणि तोंडाने म्हणत लिहिलं, "बुडालेले, शून्य. अडकलेले, एक." मग मोठी कात्री उचलली.

"थांबा जरा," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या मनगटावरचा बिल्ला सोडवला, फळीपाशी गेले, सदतीसला अडकवला, आणि एक ते साठ परत मोजले. सावकाश. मग माझ्याकडे वळले.

"आता कापा," म्हणाले. "पण काही घाई नाही. आधी चहा घ्या सगळ्यांनी."