नाना पिंपळखुटे यांचा लाल रंग

"काळा येऊन राहिला. मग लाल काहून येत नाही, ते सांग मले."

हे मला उद्देशून नव्हतं. मी अजून व्हरांड्यात चपला काढत होते. आत नाना पिंपळखुटे आपल्या टाइपरायटरची चौकशी करत होते, आणि त्या यंत्राला तोंड असतं तर त्याने न केलेला गुन्हाही कबूल केला असता.

नाना आमचे प्रताप नगरातले शेजारी. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आणि तिथेच लिलावात निघालेला मराठी टाइपरायटर घेऊन घरी आले. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. पदवी झाल्यावर कळलं की नोकरीला मराठी टायपिंगची परीक्षा लागते, म्हणून बाबांनी मला रोज दुपारी तासभर नानांकडे पाठवायला सुरुवात केली. मला कोणी विचारलं नाही. नानांनाही विचारलं नसावं, कारण पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे चुकून आपल्या टेबलावर आलेल्या फायलीसारखं पाहिलं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी म्हणजे 'कॉन्व्हेंट'.

नानांचा तोंडी बोलण्यावर विश्वास नव्हता. दूधवाल्याने उशीर केला की त्याला टाइप केलेली चिठ्ठी मिळे. धोब्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यालाही चिठ्ठी मिळे, आणि मग नाना ती त्याला फाटकात उभं राहून वाचून दाखवत. मजकूर काळ्या अक्षरात, आक्षेप लाल अक्षरात, आणि शेवटी लालमध्येच 'खुलासा करावा'. तीस वर्षं कचेरीत असंच चाललं होतं, मग घरी वेगळं काहून चालावं, असं ते विचारत. त्यांच्या बायकोला, माईंना, 'वरणात मीठ कमी. खुलासा करावा' अशी चिठ्ठी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. मलाही एक मिळाली, एकाच ओळीत चार चुका केल्याबद्दल. मी रात्रभर विचार करून खुलासा लिहिला. त्यावर लाल अक्षरात शेरा आला, 'असमाधानकारक'.

टाइपरायटरच्या रिबिनीचा वरचा अर्धा भाग काळा असतो आणि खालचा लाल. शाई संपली की लोक नवी रिबीन आणतात. नाना आणत नसत. कपडा धडधाकट आहे, फक्त शाई गेली, तर शाई भरावी, हा त्यांचा मुद्दा. दुकानदार यावर हसला होता, तेव्हापासून नाना त्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडत. मग परसात कपडे वाळवायच्या दोरीवर रिबीन ताणायची, चिमटे लावायचे, आणि स्टॅम्पपॅडच्या शाईत शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घालून बारीक ब्रशने आधी काळा आणि मग लाल भाग भिजवायचा. टोक धरायला मी. माझ्या पिवळ्या ओढणीवर दोन लाल थेंब पडले आणि ते कधीही गेले नाहीत. मी खुलासा मागितला नाही.

त्या दिवशी मात्र घाई होती. माई लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी पारशिवनीला गेल्या होत्या. बारसं होऊन दीड महिना झाला, तरी परतल्या नव्हत्या, आणि नानांच्या एकाही पत्राला त्यांचं उत्तर नव्हतं. जावई सकाळी गांधीबागेच्या बाजारात कापड घ्यायला आले होते. संध्याकाळच्या बसने परत जाताना ते नानांचं पत्र घेऊन जाणार होते. काळा मजकूर टाइप झाला होता. लाल मजकुरासाठी मध्ये मध्ये कोऱ्या जागा सोडल्या होत्या, आणि लाल येत नव्हता.

पहिला आरोप दुकानदारावर झाला, ज्याच्याकडून रिबीन आणलीच नव्हती. दुसरा शाईवर. नानांनी जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने अक्षरं घासली. 'ठ'च्या पोटातली घाण टाचणीने काढली आणि मला दाखवली, जणू मीच ती भरली होती. तरीही लाल नाही. मग ते माझ्याकडे वळले. "काल रंगाच्या खटक्याले हात लावला होता काय वं? खरं सांग."

मी हात लावला नव्हता. चार महिन्यांत त्यांनी सांगितल्याशिवाय मी तिथल्या पाण्याच्या भांड्यालाही हात लावला नव्हता. मला राग आला. पण मी फक्त "नाही" म्हणाले. आमच्या शाळेत हात वर करून थांबायचं असतं, आपलं नाव पुकारलं की बोलायचं, आणि या घरात माझं नाव पुकारणारं कोणी नव्हतं.

खरं तर दोष कुठे आहे ते मला अर्ध्या तासापूर्वीच दिसलं होतं. लाल टाइप करताना रिबीन नेहमीपेक्षा जास्त उचलली जायला हवी. ती काळ्याएवढीच उचलली जात होती. शाई चांगली होती, यंत्र थकलं होतं. मी पुढे झाले, दोन्ही रिळं काढली, रिबीन उलटी करून बसवली आणि लाल भाग वर आणला. रद्दी कागदावर एक कळ दाबली. कुंकवासारखं लाल 'अ' उमटलं.

नाना त्या 'अ'वर वाकले. मग यंत्राला म्हणाले की सरकारचं काम इतकी वर्षं केलं, अन् आता घरचं काम आलं तर उडी मारायचा कंटाळा.

त्यांचे हात कोपरापर्यंत शाईने भरले होते. पत्र खराब होऊ नये म्हणून त्यांनी मला बसवलं. मी काळा मजकूर वाचला. 'सौ. माईस आशीर्वाद. दूधवाला पाणी घालतो. मांजर पुन्हा आत येते. कणकेच्या डब्यात सोंडे झाले.' आणि मध्ये त्या कोऱ्या जागा. म्हणजे आता प्रत्येक सोंड्याचा खुलासा. बाई लेकीचं बाळंतपण करते आहे, आणि मी तिच्यावरचं आरोपपत्र टाइप करायचं. उठून घरी जावं असं मला वाटलं.

नाना खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. कचेरीत असेच उभे राहून सांगत असावेत.

"पहिली जागा. घे. चहा रोज दोन कप टाकतो. दुसरा थंड होते."

मी कळा दाबल्या नाहीत.

"दुसरी. चिठ्ठ्यांचा राग आला असल्यास तसे लेखी कळव. तिसरी. आता ये."

मी हललेच नाही, तेव्हा त्यांना वाटलं मला पद्धत समजली नाही. न वळताच त्यांनी समजावलं. "मुख्य मुद्दा लालमध्येच असते, कॉन्व्हेंट. बाकीचं कोणी वाचत नाही."

त्यांच्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. माई तिथे ठेवायच्या, प्रत्येक चिठ्ठी घडी घालून, लाल आतल्या बाजूला. माझ्या खुलाशावर 'असमाधानकारक' आलं त्या दिवशी त्यांनी मला तो गठ्ठा दाखवला होता. तू पण असंच करत जा, म्हणाल्या होत्या.

फाटकाशी सायकलरिक्षा थांबली. जावयांनी बाहेरूनच हाक दिली की बस चुकेल.

"टाइप कर नं वं," नाना म्हणाले. आवाजात हेडक्लार्क राहिलाच नव्हता.

"नाना," मी म्हणाले, "माई लाल वाचत नाहीत. लाल दिसलं की कागद मिटून ठेवतात. मी रिबीन पुन्हा पालटते, जावईबापूंना दोन मिनिटं थांबायला सांगा. हे काळ्यात लिहू."