दोन प्लेटी जास्त

गाडीतलं मला सगळं कळतं. हे मी सांगत नाही, वाकोल्यात कुणालाही विचारा! म्हणजे त्यांनाही मीच सांगितलंय, पण ते असो.

शहाऐंशी साली आमच्या घरी मारुती आली. बुकिंग बायकोच्या, नलिनीच्या नावावर. अक्कल अर्थात माझी. चौथ्याच महिन्यात ती मढच्या वाळूत रुतली. पुढचं एक चाक गरगर फिरतंय आणि दुसरं ढिम्म! मेहुणा सहदेव मागून ढकलता ढकलता ओरडला, "भावोजी, गाडी घेतलास काय आजारी म्हस?"

हे मला फार लागलं. तडक साकीनाक्याला भीमराज टर्नरकडे गेलो.

"भीमराज, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बनव! परदेशात रेसच्या गाड्यांना असतं. एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो."

भीमराजचा हात म्हणजे सोनं. चार दिवस खपून त्याने पुढच्या दोन चाकांना जोर वाटून देणारी पेटी उघडली आणि आत घर्षणाच्या प्लेटी बसवायची सोय केली.

"चार बास, जयवंतराव. जास्त घातल्या तर दोन्ही चाकं एकमेकांना धरून बसतील. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं ना!"

"सहा घाल!"

"वाट लागेल."

"गाडीतलं तुला कळतं की मला?"

त्याने बिचाऱ्याने सहा घातल्या.

घरी मी काही बोललो नाही. सोमवारी नलिनीची लायसन्सची टेस्ट होती, उगाच तिला टेन्शन कशाला? मागच्या खेपेला ती नापास झालेली. तीन महिने याच गाडीवर घाम गाळून शिकली होती आणि या वेळी आपल्या बँकेतल्या सगळ्या सहकाऱ्यांना पेढे कबूल करून बसली होती.

सोमवारी आरटीओपर्यंत मीच चालवली. सरळ रस्त्यावर एकदम झकास! वळण आलं की मात्र स्टिअरिंग हातातून निसटून सरळ व्हायला बघायचं, टायर किंचाळायचे. एका नाक्यावर तर तीनदा मागेपुढे करून वळलो.

"अहो, गाडीला काय झालंय?"

"सकाळी जरा आळसावते गं."

मैदानात पोचलो आणि बघतो तर काय! खांब रोवून आठचा आकडा आखलेला! आता हिला खरं सांगावंच, असं ठरवतोय तोवर तिचं नाव पुकारलं.

नलिनीने जीव खाऊन स्टिअरिंग ओढलं. पहिला खांब आडवा. दुसरा आडवा. गाडी सरळ काकडीवाल्याच्या पाटीपाशी! ती लालबुंद होऊन उतरली.

"साहेब, मागच्या आठवड्यापर्यंत वळत होती! ह्यांनी नक्की काहीतरी करून ठेवलंय!"

"थोडी सुधारणा केलीय," मी पुटपुटलो.

"नापास झालं की सगळ्यांचीच गाडी बिघडते," इन्स्पेक्टर म्हणाले. "मिस्टर, तुमचं लायसन्स किती वर्षांचं?"

"बारा!"

"मग तुम्ही काढा आठ. जमला तर बाई नापास. नाही जमला तर दुसऱ्या गाडीवर त्यांची परत घेतो."

नलिनी खिडकीशी वाकली. "अहो, नीट ऐकलंत ना?"

"ऐकलं गं!"

मी बसलो. दोन मिनिटांत पाच खांब भुईसपाट, सहावा बंपरखाली, आणि इन्स्पेक्टर उडी मारून काकडीवाल्याच्या मागे! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बारा वर्षं?" इन्स्पेक्टरांनी पुन्हा विचारलं.

मग एका मोटर ट्रेनिंग स्कूलची जुनी फियाट मागून घेतली. नलिनीने दारात रांगोळी काढावी तसा आठ काढला. पास! ती तिथेच रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

भीमराजने दोन प्लेटी काढल्या, एका शब्दानेही टोमणा न मारता. आता मढच्या वाळूतून गाडी मस्त निघते. सहदेवला हात लावायची वेळच येत नाही. चालवते नलिनी. मी शेजारी बसून सूचना देतो, ती ऐकत नाही. मजेत चाललंय.

आणि घरी पाहुणे आले की मी तो किस्सा सांगतोच. "बायकोसाठी बारा वर्षांची अब्रू मातीत घातली! मुद्दाम एकेक खांब पाडला!" नलिनीचे डोळे भरून येतात आणि माझ्या ताटात बांगड्याची एक तुकडी जास्त पडते.

तुम्ही घरचे, म्हणून सांगतो. तिला कळू देऊ नका. त्या दिवशी तो आठ काढायला मी अगदी जीव तोडून झटत होतो हो!