इंजिनातून दूध

डिझेल इंजिनाला काय दुखतंय ते आपल्याला नुसत्या आवाजावरून कळतं, असं ग्वाक दोक-सू छाती ठोकून सांगायचा. तीन महिन्यांचा कोर्स केला होता, मोबाइलवर शेकड्याने व्हिडिओ पाहिले होते, आणि शिवाय एक तळहाताएवढं यंत्र आणलं होतं. गाडीला वायर जोडली की ते बिघाडाचं नाव पडद्यावर लिहून दाखवायचं. आता नुसता बिघाड व्हायचीच खोटी होती!

गेल्याच आठवड्यात त्याने जुना पाच टनी ट्रक घेतला होता. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, गाडीची पूजा घालून घेऊ या की."

"आई, ह्या गाडीत अठरा सेन्सर आहेत! तिला दृष्ट लागत नाही. पूजा-बिजा काही करायची नाही, सांगून ठेवतो."

"बरं हो," सासूबाई म्हणाल्या. त्या इतक्या पटकन ‘बरं हो’ म्हणाल्या की शहाणा माणूस तिथेच सावध झाला असता. पण लग्नाला एकवीस वर्षं होऊनही दोक-सूला ती अक्कल आलेली नव्हती.

त्या दिवशी सकाळी आठला तो समुद्रकाठच्या गांगनुंग शहरातून निघाला. तेग्वाल्ल्यंगचा घाट चढून वरच्या कोबीच्या मळ्यावर बाराच्या आत पोचायचं होतं. मळ्याचे ओम साहेब म्हणजे शब्दाला पक्के आणि घड्याळाला त्याहून पक्के. "पहिली खेप बाराच्या आत भरलीत तर अख्ख्या हंगामाचा कोबी तुमचा. बारा वाजून एक मिनिट झालं, तर दुसरा ट्रक उभाच आहे," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. सिमेंटच्या कारखान्यातली नोकरी सोडून दोक-सूने हा ट्रक घेतला होता. हा हंगाम गेला असता तर वर्षभर ट्रक दारात धूळ खात पडला असता, आणि दोक-सू त्याच्या शेजारी.

शेजारच्या सीटवर सासूबाई होत्या. वरच्या गावात त्यांची बहीण राहायची, तिच्याकडे निघाल्या होत्या. मांडीवर उकडलेल्या कणसांची आणि बटाट्यांची पिशवी, आणि चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर आधीच माहीत असल्यासारखं समाधान.

पहिल्या चढालाच गाडीने मान टाकली. पिकअपच घेईना! दोक-सूने पाय दाबला, इंजिन नुसतं कण्हलं. पुढ्यात पिवळा दिवा लागला. आणि कुठूनतरी मासळी भाजल्याचा खमंग वास यायला लागला.

"आई, वास येतोय का?"

"छे! कसला वास?" सासूबाईंनी घाईघाईने खिडकीची काच खाली केली.

त्याने गाडी कडेला घेतली, यंत्र जोडलं. यंत्राने सांगितलं: इंजिनाला हवेचा जोर देणाऱ्या टर्बोचा दाब कमी, तापमानाच्या सेन्सरचा पत्ता नाही. दोक-सूला बिघाडापेक्षा यंत्राचाच अभिमान वाटला. "बघा आई, विज्ञान!" असं म्हणत तो वाकून गाडीखाली डोकावला, आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. बंपरच्या मागून पांढरंशुभ्र काहीतरी टपटप गळत होतं.

त्याने घाटापलीकडच्या थाक मिस्त्रींना फोन लावला. "दादा, घात झाला! इंजिनातून दूध येतंय!"

"दुधासारखं? अरे देवा! इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटमध्ये ऑइल मिसळलं असणार. हेड गॅस्केट गेलं, दोक-सू. इंजिन उतरवायला लागेल. चार दिवस धर."

चार दिवस! घड्याळात साडेआठ वाजले होते. दोक-सू रस्त्याच्या कडेला मटकन बसला. मग धीर करून त्याने बोटाला तो पांढरा थेंब लावून हुंगला.

"आई, आंबट वास येतोय! कूलंट नासलंय बहुतेक."

"नासतं होय ते?" सासूबाईंनी डोंगराकडे बघत विचारलं. "तुम्ही काळजी नका करू. ह्या गाडीला काही म्हणता काही होणार नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला आपलं वाटतं."

शेवटी ट्रक जसा चालेल तसा रेटत तो निघाला. वेग इतका की पॉवर टिलरवरच्या एका आजोबांनी त्याला मागे टाकलं. वर आपुलकीने विचारलंसुद्धा, "दोरी बांधू का रे बाळा?" दोक-सूने नको म्हणून मान हलवली. सासूबाईंनी मात्र आजोबांना एक कणीस दिलं.

दहा वाजून गेल्यावर एकदाचं थाक मिस्त्रींचं गॅरेज आलं. मिस्त्रींनी आल्या आल्या केबिन पुढे कलती करायला घेतली.

"थांबा, माझी कणसं!" सासूबाई ओरडल्या.

"आई, इथे इंजिन मरतंय आणि तुम्हाला कणसं सुचतायत!" दोक-सू खेकसला. केबिन कलली. आतून कणसं, बटाटे, चहाचा थर्मास आणि दोक-सूचं ते लाडकं यंत्र धडाधड काचेवर आदळून उघड्या दारातून जमिनीवर सांडलं. आणि खाली, बरोब्बर इंजिनाच्या माथ्यावर, आ वासून, डोळे वटारून एक सुकवलेला मासा पडला होता! अंगाला पांढऱ्या दोऱ्याची जाडजूड लड गुंडाळलेली, आणि शेपटी चांगली खरपूस.

थाक मिस्त्रींनी माशाला बोटाने टोचून पाहिलं. "दोक-सू," ते गंभीरपणे म्हणाले, "हा कुठला सेन्सर?"

दोक-सूने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई जमिनीवरचे बटाटे वेचायला लागल्या.

दोऱ्याचं एक टोक सुटून टर्बोच्या दांड्याभोवती गच्च आवळलं होतं, दुसऱ्याने सेन्सरची वायर उपसून काढली होती. मिस्त्रींनी तो पांढरा थेंबही बोटाने चाटला. "ही तर मक्कोली! चांगली तांदळाची दारू आहे. कुठून घेता, मावशी?"

"पूजेचा मासा दोऱ्याने बांधला, आणि ही चारी चाकांवर शिंपडली पहाटे," सासूबाई पुटपुटल्या. "अर्धी बाटली उरली, ती मग पुढच्या जाळीतून आत ओतली. वाया कशाला घालवायची!"

"आई!" दोक-सूचा तोल सुटला. "माझा हंगाम बुडवलात तुम्ही! तुमच्या ह्या माशामुळे माझं..."

"ए, गप जरा," थाक मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम बदलला होता. त्यांनी मासा उलटा केला. पोटाकडून तो हिरवागार ओला होता. "हे मात्र खरं कूलंट आहे. दोऱ्याचं निमित्त नाही ह्याला."

माशाला लागूनच रबरी पाइप जात होता. मिस्त्रींनी तो नुसता अंगठ्याने दाबला, आणि पाइप कुजक्या भोपळ्यासारखा फाटला.

"गळत होता बारीक बारीक. माशानेच सगळं शोषून घेतलं, म्हणून तुला खाली थेंब दिसला नाही. आज टर्बो नीट चालला असता तर पाय दाबून चढला असतास. हा घाटात फुटला असता, आणि मग खरंच इंजिन गेलं असतं. कारण तुझा सेन्सर तर..." त्यांनी वायर वर धरली. सांध्यावर हिरवा गंज चढला होता. "हा आज ना उद्या मरणारच होता. इंजिन तापलंय हे तुला सांगायला कोणी उरलंच नसतं."

दोक-सू कणसांच्या ढिगाशेजारीच खाली बसला. अठरा सेन्सर, शेकडो व्हिडिओ, एक यंत्र, आणि कामाला आला तो वाळका मासा!

मिस्त्रींनी नवा पाइप बसवला, दोरा कापला, सेन्सर बदलला, पाणी भरलं. ट्रक असा काही सुटला की दोक-सूला रडूच यायला लागलं. बाराला सात मिनिटं कमी असताना तो मळ्यात शिरला. ओम साहेबांनी घड्याळ पाहिलं, हात पुढे केला आणि म्हणाले, "भरा. हंगाम तुमचा."

कोबी चढायला लागला तसा दोक-सू केबिनपाशी आला. सासूबाई उतरून आपली पिशवी सावरत होत्या. तिथेच, सगळ्या हमालांसमोर, तो कमरेत वाकला. चांगला जमिनीपर्यंत.

"आई, चुकलं माझं. नको ते बोललो तुम्हाला. मी एवढं बजावूनही तुम्ही माझ्या काळजीने तो मासा बांधलात. आज गाडी वाचली, हंगाम वाचला, मी वाचलो. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

सासूबाईंनी त्याला खांद्याला धरून उठवलं. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"अहो, काहीतरीच काय, जावईबापू!" त्या म्हणाल्या. "तुमच्या काळजीने कुठला? आज मी बसणार होते ना गाडीत!"