वज्रासुराची चमक

शालिकराम दुपारी झोपत नसे, नुसता डोळे मिटून खाटेवर पडून राही. झोपलेल्या माणसासमोर लोक खरं बोलतात, हा त्याचा जुना अनुभव होता. गेल्या खरिपापासून तर ही झोप फारच वाढली होती. तालुक्याच्या ठिकाणी, काचेच्या दाराच्या दुकानातून, पक्कं बिल घेऊन त्याने कपाशीचं बियाणं आणलं, आणि दिवाळीपर्यंत पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली तरी बोंडं लागली नावापुरती. ते बिल अजून देव्हाऱ्यात होतं. देवाने तरी त्याची दखल घ्यावी, एवढीच अपेक्षा. तेव्हापासून नांदगाव पेठेपासून मोझरीपर्यंत त्याचा ज्याच्यावर संशय नाही असा एकच माणूस उरला होता. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

हे साल दोन हजार सहाचं. पेरणीचा मिरग पंधरा दिवसांवर आला होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी बोगस बियाण्याची बातमी होती. अशा दिवसांत एका दुपारी कुडाच्या पलीकडे, मागच्या ओट्यावर, शालिकरामची नात गीतांजली आणि किराणावाल्या गयासुद्दीनची नात फलक येऊन बसल्या. दोघी दहा-दहा वर्षांच्या. शालिकरामने ताबडतोब घोरायला सुरुवात केली.

"हा वज्रासुर डुप्लिकेट आहे," फलक म्हणाली. "उन्हात धरून पाय. असलीची चमक अशी नसते."

"तुह्याच आजोबाच्या दुकानातला आहे ना."

"मंग काय झालं? आतल्या खोलीत पोतंभर पडला आहे. अब्बू अमरावतीवून आणतेत. अर्धा डुप्लिकेटच निंगते."

"मी दोन वज्रासुर देतो, मले तुहा अग्निपंख दे. त्याच्यापुढं कोणीच टिकत नाही."

"तो साऱ्या गावात एकच आहे. देतो, पण घरी सांगू नोको."

शालिकराम घोरायचं विसरला. त्या काळी एसटी स्टँडच्या भिंतीवर बियाण्याच्या जाहिराती लागत, त्यांत वाघ, वीज, वज्र आणि राक्षस यांच्याखेरीज दुसरं कोणी नसे. वज्रासुर त्यात सहज खपला असता. अग्निपंखापुढे टिकत नाही ती बोंडअळी, हेही त्याने लावून टाकलं. कुडाच्या फटीतून पाहिलं तर फलक काहीतरी चकचकीत उन्हात तिरपं धरून निरखत होती. रेडिओवरचे शेतीवाले साहेब महिनाभर हेच सांगत होते, की पिशवीवरची चकाकती पट्टी उन्हात तिरपी धरून पाहा. दहा वर्षांच्या पोरीला ही विद्या कोणी शिकवली असेल, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

संध्याकाळी तो पारावर भगवंतरावाकडे गेला. संशय नसलेला एकमेव माणूस तो हा. दोघांची पंधरा वर्षांची दोस्ती मुळी संशयावरच उभी होती. रोज दिवेलागणीला पारावर बसून दोघं दूधवाल्याच्या मापापासून सरकारच्या हवामान अंदाजापर्यंत एकेकावर संशय घेत आणि समाधानाने घरी जात. जो माणूस सगळ्यांवर संशय घेतो तो आपल्याला कसा फसवेल, असा शालिकरामचा हिशेब होता. म्हणून तर यंदाच्या आठ पिशव्या त्याने भगवंतरावाकडूनच घेतल्या होत्या. थेट गुजरातचा माल, बिल नाही. "बिल फाडून देते म्हणजे काईतरी लपवून राहिले," असं भगवंतराव म्हणाला होता, आणि देव्हाऱ्यातल्या बिलाकडे पाहता ते शालिकरामला शंभर टक्के पटलं होतं. उंदरांच्या भीतीने त्या पिशव्या पोत्यात बांधून आढ्याला टांगल्या होत्या. त्या उघडून पाहणं म्हणजे भगवंतरावाचा अपमान, म्हणून पोत्याची गाठही त्याने सोडली नव्हती.

सगळं ऐकून, त्यातही कृषी खात्याचं भरारी पथक बोलावण्याचा बेत ऐकून, भगवंतरावाचा चेहरा उतरला.

"पथकाले काहून बोलावतं गा? एक डाव जीप गावात शिरली का घरोघर पायते. जाऊ दे. म्हातारा माणूस आहे गयासुद्दीन."

केवढं मोठं मन, असं शालिकरामला वाटलं. पण आपलं मन एवढं मोठं करायची त्याची तयारी नव्हती. गेल्या वर्षी आठ एकर वाया गेलं होतं, आणि यंदाही तेच झालं तर सुनेसारखं आपल्यालाही रोजंदारीसाठी एमआयडीसीतल्या कापडगिरणीच्या फाटकात उभं राहावं लागणार, ही त्याची धास्ती होती.

पुढचे दोन दिवस त्याने गयासुद्दीनच्या समोरच्या न्हाव्याच्या दुकानातून पाळत ठेवली. त्यासाठी दोनदा दाढी करावी लागली, त्यामुळे न्हाव्यालाच संशय आला. पण जे दिसलं ते भयंकर होतं. पोरंपोरी येत, नाणं ठेवत, मुठीत मावेल एवढी पुडी घेत आणि तिथेच फोडत. कोणी नाचे, कोणी रडकुंडीला येई. शालिकरामला कळून चुकलं. ही नमुन्याची सरकी पोरांच्या हातून घरोघर चालली होती, कारण पोरांना कोणतंच पथक अडवत नाही.

पाचच्या ठोक्याला त्याहून वाईट झालं. गावातली वीज चारलाच जाई, पण गयासुद्दीनचं दुकान टोकाला, एमआयडीसीच्या लाइनवर होतं, तिथे ती कधीच जात नसे. गावातली झाडून सारी पोरं पळत आली आणि आतल्या खोलीत शिरली. दार लोटलं गेलं. आतून एक खणखणीत हिंदी आवाज आला की आता मी मैदानात अग्निपंख उतरवतो, आणि पोरांनी एकच गिल्ला केला. कंपनीचा माणूस प्रशिक्षण देतोय, यात शालिकरामला काडीची शंका उरली नाही. त्याने नांदगाव पेठेला जाऊन एसटीडी बूथवरून पथकाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बरोबर पाचला भरारी पथकाची जीप दुकानासमोर थांबली. पथकाचे साहेब धर्मपाल उतरले. शालिकराम पुढे झाला. भगवंतरावाला पंच म्हणून बोलवायला माणूस पाठवला होता, पण त्याची बायको वच्छला म्हणाली की त्यायले अकोल्याले साळ्याकडं अचानक काम निंगालं, जीप फाट्यावर दिसली तसेच गेले.

साहेबांनी खोलीचं दार ढकललं. आत वीस-पंचवीस पोरांच्या पाठी होत्या आणि पलीकडे टीव्ही चालू होता. पडद्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे केस असलेल्या एका पोराने पत्ता आपटला, आणि त्या पत्त्यातून शिंगं असलेला राक्षस उठून उभा राहिला. शालिकरामने बोट दाखवल्यावर शिपायाने कोपऱ्यातलं पोतं ओढून साहेबांच्या पायाशी रिकामं केलं. शेकडो पुड्या पसरल्या. साहेबांनी एक फोडली. आत सरकी नव्हती, एक पत्ता होता. त्यावर तोच शिंगाळा राक्षस, वर कोणालाच न वाचता येणारी अक्षरं आणि खाली दोन हजारचा आकडा.

"हे कोणतं वाण?" साहेबांनी सवयीने विचारलं.

"वाण नाही सायेब, वज्रासुर आहे," फलक म्हणाली. "हे जपानचं कार्टून आहे ना, त्यातले पत्ते आहेत. दोन हजार त्याची ताकत. दोघं जणं पत्ते मांडतेत, ज्याची ताकत जास्त तो जिंकते." मग तिने पत्ता खिडकीच्या उन्हात तिरपा केला. "असली असला तं राक्षस डोळे उघडते. हा नुसता चमकते. डुप्लिकेट आहे."

जीपमागे जमलेलं सगळं गाव हसलं. हसला नाही तो गयासुद्दीन. तो वाकून एकेक पुडी पोत्यात भरत होता, आणि त्याच्या पांढऱ्या दाढीला धूळ लागली होती.

"मले इचारलं असतं, शालिकरामभाऊ," तो हळूच म्हणाला, "तं मीच पुडी फोडून दाखवली असती."

शालिकरामला फार लाज वाटली. वर्षभरात संशयाशिवाय दुसरं काही वाटल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्याला ती नीट सोसवेना. खाली बसून पुड्या भरू लागावं असं त्याच्या मनात होतं, पण साहेबांनी त्याला अडवलं. एवढी जीप पळवली, आता कोरा कागद घेऊन परत जाता येत नाही, तेव्हा तक्रारदाराचंच बियाणं दाखवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. शालिकराम छाती काढून पुढे निघाला. निदान इथे तरी आपली बाजू खरी होती.

घरी त्याच्या बायकोने, पार्बताबाईने, आढ्यावरचं पोतं सोडलं. वर्षभर नवऱ्याचं घोरणं ऐकून ती विटली होती. साहेब चष्मा शोधत होते, तेवढ्यात फलकने एक पिशवी उचलली, दारातल्या उन्हात नेली आणि पट्टी तिरपी केली. गीतांजलीने शेजारून डोकावून पाहिलं. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आबाजी," गीतांजली म्हणाली, "हेबी वज्रासुरच आहे."

साहेबांनी जीपमधून कंपनीची खरी पिशवी आणवली. तिची पट्टी तिरपी केली की आत कापसाचं फुटलेलं बोंड दिसे. शालिकरामच्या आठही पिशव्या नुसत्या चमकत होत्या, चॉकलेटच्या कागदासारख्या.  मग गर्दीतून एक जण हळूच निघून घरी गेला. मग दुसरा. थोड्या वेळाने आणखी सहा घरांतली पोती आढ्यावरून खाली उतरली आणि ओट्यावर दोन दहा वर्षांच्या पोरींपुढे रांगेने मांडली गेली.

"कोणाकडून घेतलं?" साहेबांनी विचारलं.

शालिकराम एका पिशवीची पट्टी पुन्हा उन्हात तिरपी करून पाहू लागला. अख्ख्या गावात त्याने त्या एकाच माणसावर विश्वास टाकला होता. शेवटी पार्बताबाईनेच नाव सांगितलं. "तुमी साऱ्या जगावर डोळा ठेवला," ती नवऱ्याला म्हणाली, "फक्त पारावर तेवढा मिटला."

भगवंतराव चार दिवसांनी अकोल्याहून परतला, तेव्हा साहेबांचा माणूस त्याची वाट पाहत होता आणि त्याच्या दारात पार्बताबाई व आणखी सहा जणी बसल्या होत्या. पैसे हातात आल्यावरच त्या उठल्या. शालिकराम पुन्हा तालुक्याला, त्याच काचेच्या दाराच्या दुकानात गेला, पण या खेपेला डावीकडे फलक आणि उजवीकडे गीतांजली होती. दुकानदार तिघांकडे संशयाने पाहत राहिला. पोरींनी अकरा पिशव्या परत केल्या आणि आठ पसंत केल्या. फलकचा दर मात्र ठरलेला होता, पिशवीमागे पत्त्याची एक पुडी.

म्हणून मिरगाच्या आदल्या दिवशी शालिकरामला गयासुद्दीनच्या पायरीवर उभं राहावं लागलं. त्या दिवसापासून दोघं बोलले नव्हते. त्याने आठ पुड्या मागितल्या. गयासुद्दीनने मोजून दिल्या. शालिकराम तरी जाईना.

"गयासुद्दीनभाऊ," तो शेवटी म्हणाला, "बिल भेटन काय?"

 गयासुद्दीनने जुन्या पेपरचा कोपरा फाडला, कानामागची पेन्सिल काढली आणि काहीतरी लिहून दिलं. शालिकरामने चष्मा आणला नव्हता, म्हणून गीतांजलीने वाचलं, "आठ पुड्या दिल्या. माल असली का नकली मले मालूम नाही. संशय आल्यास फलकले इचारावं."

शालिकरामने कागद हातात घेतला, उन्हात आला आणि सवयीने तो तिरपा धरला. दुकानातून गयासुद्दीनच्या हसण्याचा आवाज आला. खूप दिवसांनी आला होता. शालिकराम मागे वळला नाही, पण घरी गेल्यावर त्याने देव्हाऱ्यातलं जुनं बिल काढून चुलीत घातलं आणि त्या जागी हे ठेवलं.