नम्र संदेश समिती

"दोन मिनिटांचं काम आहे," स्टोअरकीपरने लेकीला फोनवर सांगितलं. "आपलं म्हणणं लिहायचं, चारचौघांना पटवायचं, झालं! तुझ्या आईचं एक अक्षर हलू देत नाही मी."

"बाबा, तुम्ही इमारतीच्या मीटिंगला पाण्याच्या टाकीची तक्रार करायला गेला होतात आणि सेक्रेटरी होऊन परत आलात."

"ती गोष्ट वेगळी."

स्टोअरकीपर यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत सुट्या भागांचं गोदाम सांभाळायचे. त्यांची बायको त्याच कंपनीत वरच्या मजल्यावर प्रोग्रॅम लिहायची. नवऱ्याला वेळेवर बोल्ट सापडत नाहीत म्हणून तिने गोदामासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि जगाला खुला करून टाकला. कुणीही फुकट वापरा, कुणीही उघडून दुरुस्त करा. बघता बघता दूरदूरची गोदामं तो वापरू लागली. चूक केली की पडद्यावर जे उमटायचं ते तिने कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. घरी नवऱ्याला जे ऐकवायची तेच जसंच्या तसं घातलं होतं. रकाना रिकामा सोडला की, ‘मी काय मनकवडी आहे?’ मालाची संख्या उणे टाकली की, ‘उणे चार बोल्ट? दाखव बरं मला.’ घाईने बटण दाबलं की, ‘वाचलंस? नाही वाचलंस. पुन्हा वाच.’

तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात आता त्यांना कुणी काही बोलत नव्हतं. ओला टॉवेल दिवसभर पलंगावर पडून राहायचा आणि संध्याकाळी तिथेच सापडायचा. गोदामात मात्र रोज दोन-तीनदा तरी बोलणी बसायची. बसतील अशी व्यवस्था ते स्वतःच करायचे.

अशात साहेब एका परिषदेला जाऊन आले. गळ्यात ओळखपत्र अडकवून परिषदेला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. साहेबांनी ‘समुदाय’ आणला. एका बाईने एकटीने लिहिलेला प्रोग्रॅम बिनबोभाट चालतोय, हे आता कंपनीला शोभत नव्हतं. यापुढे तो सगळ्यांनी मिळून चालवायचा होता. त्यासाठी समन्वयक म्हणून एक बाई नेमल्या गेल्या. बैठकीत त्यांचं कुठलंही वाक्य ‘मिळूनमिसळून’ या शब्दाशिवाय सुरू होत नसे, म्हणून त्यांच्यामागे सगळे त्यांना त्याच नावाने ओळखायचे.

समुदाय जोरात वाढला. आधी त्याचं बोधचिन्ह झालं, मग बोधचिन्हाचा रंग बदलला. नव्या सदस्यांच्या स्वागतासाठी स्वागत समिती झाली. सगळे नवे सदस्य त्याच समितीत असल्यामुळे ते एकमेकांचं स्वागत करत राहिले. आणि स्वागत करून दमल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की प्रोग्रॅम फार उद्धट बोलतो. माणसं दुखावतात. नेमकं कोण दुखावलं हे कुणी सांगू शकलं नाही, पण नम्र संदेश समिती लगेच बसली. ‘दाखव बरं मला’ काढून तिथे ‘आपण दिलेली माहिती सवडीने एकदा पाहता आल्यास आनंद होईल’ असं घालायचं ठरत आलं.

स्टोअरकीपरने चर्चेच्या पानावर एकच ओळ लिहिली. वाक्यं आहेत तशी राहू द्यावीत, ती कुणाला लागत नाहीत.

त्यावर मतांचा जो ओघ सुरू झाला तो नळ फुटल्यासारखा. एकाने त्यांचे हळवे आभार मानले. एकाला ‘लागत नाहीत’ हे शब्दच लागले. एकाचं म्हणणं, चर्चा कशी करावी याची आधी वेगळी चर्चा व्हावी. एकाने मांजराचा फोटो टाकला, आणि सगळ्यांत जास्त एकमत त्या मांजरावर झालं.

प्रत्येक मताखाली एक अंगठा होता. आता गोदामाचा साधा नियम असतो. माल आला की पोच द्यायची. माल धड आहे की फुटका, ते नंतर बघायचं. स्टोअरकीपर इमानेइतबारे प्रत्येक मताखाली अंगठा दाबत गेले. पोहोचलं. हेही पोहोचलं. मांजरही पोहोचलं.

चर्चा संपली त्या दुपारी मिळूनमिसळून बाई स्वतः गोदामात उतरल्या. चेहरा उजळलेला.

"काका, तुमच्यामुळे झालं."

"राहिली ना वाक्यं?"

"प्रस्ताव मंजूर झाला! एका मतावर अडला होता, तुमचा अंगठा आला आणि सुटला."

"अहो, मी विरोध केला होता."

"विरोध एकदा केलात. पाठिंबा पानोपान दिलात."

"ती पोच होती हो."

"समुदायात पोच नसते, काका. समुदायात प्रेम असतं."

अंगठा मागे घेता येतो का, असं त्यांनी विचारलं. येतो म्हणाल्या, पण त्यासाठी समिती नेमावी लागेल, आणि बदल तर उद्या सकाळीच व्हायचा होता. बाई गेल्यावर स्टोअरकीपर संध्याकाळपर्यंत उणे बोल्ट टाकत बसले.

रात्री त्यांनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई काय म्हणाली असती?"

"वाचलंस? नाही वाचलंस," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

सकाळी मोठ्या खोलीत मोठा पडदा लागला. केक आला. साहेबांनी सहकार्यावर भाषण केलं. त्यातलं बरंचसं ‘मी’ने सुरू होत होतं. स्टोअरकीपर शेवटच्या रांगेत, डोळे मिटून बसले. साहेबांनी बटण दाबलं.

टाळ्या काही वाजल्या नाहीत. म्हणून त्यांनी डोळे उघडले. पडदा लालभडक होता. बायकोने प्रोग्रॅममध्ये एक सोय करून ठेवली होती. कुठलाही बदल आत घेण्याआधी तो स्वतःची तपासणी करायचा, आणि तिची वाक्यं हललेली दिसली की दार लावून घ्यायचा. पडद्यावर लिहिलं होतं:

‘माझ्या वाक्यांना हात कुणी लावला? जिथून उचललंस तिथे ठेव.’

"हे कोण बोलतंय?" साहेबांनी विचारलं.

"आमची ही," मागून स्टोअरकीपर म्हणाले.

ती तपासणी काढून टाका, असं साहेबांनी फर्मावलं. मिळूनमिसळून बाईंनी बोधचिन्हवाल्याकडे पाहिलं, बोधचिन्हवाल्याने स्वागत समितीकडे, आणि स्वागत समितीने केककडे. एवढ्या मोठ्या समुदायात प्रोग्रॅम आतून उघडून पाहिलेला एकही माणूस नव्हता. तो उघडायचा असतो, हेच काहींना नवीन होतं. शेवटी तपासणीचा अभ्यास करायला नवी समिती नेमली, आणि तिचं एकमत होईपर्यंत जुनी वाक्यं राहतील असं ठरलं. म्हणजे कायमचीच राहिली. अध्यक्ष म्हणून सगळ्यांत उत्साही सदस्य हवा होता. अंगठे मोजले गेले. स्टोअरकीपरच्या जवळपासही कुणी नव्हतं.

"अध्यक्ष झालात?" लेकीने फोनवर विचारलं.

"झालो."

"टाकीचं पाणी अजून येत नाही, बाबा."

ते हसत हसत गोदामात आले. नवा माल येऊन पडला होता. आज उणे बोल्ट टाकायची गरज नव्हती. त्यांनी मोठ्या खुशीत आकडा भरला आणि बटण दाबलं.

‘वाचलंस? नाही वाचलंस. पुन्हा वाच.’

या वेळी त्यांनी खरंच वाचलं नव्हतं.